अण्णा सापडले, मेसेज हिंडतोय

हरवलेल्या माणसाचा मेसेज आला की मी आधी खालच्या नंबरवर फोन लावते. "सापडले का हो?" विचारते. बहुतेक वेळा पलीकडून थकलेला आवाज येतो, "सापडले ताई, कधीच सापडले." मग मी तो मेसेज पुढं पाठवत नाही. आमच्या ग्रुपवरच्या बायका म्हणतात, हिला काही उद्योग नाही. नसेना का!

पूर्वी मीच त्यांच्यात पहिली होते. नेरळजवळच्या आमच्या गावात बारशापासून मयतापर्यंत सगळं माझ्याकडूनच लोकांना कळायचं. मी ब्लाउज शिवते. मशीनच्या शेजारी मोबाईल उभा, पाच ग्रुपांची अॅडमिन, आणि जीभ तर काय, जन्मजात. माझे वडील, आमचे अण्णा, म्हणायचे, "तोंड कमी पडतंय म्हनून हा डबा घेतलास काय गं?"

अण्णांनी रसायनीच्या एका कारखान्यात जन्म काढला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, कारण माझं सासरी पटलं नाही. गावात अण्णांना मान एकाच गोष्टीचा. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, तो वर्षानुवर्षं अण्णांनीच वाचायचा. इस्त्रीचा पांढरा सदरा, रुमालानं दोनदा पुसलेला चष्मा. कुठं थांबायचं, कुठला शब्द म्हाताऱ्या बायकांसाठी परत सांगायचा, सगळं त्यांना ठाऊक.

त्या उन्हाळ्यात त्यांना ताप येऊन गेला आणि मग दोन दिवस ते काहीबाही बोलायला लागले. मला आई समजून चहा मागितला. मी म्हटलं, वय झालं. तिसऱ्या सकाळी दूध आणायला गेले ते आलेच नाहीत. दुपारपर्यंत मी स्टेशन, बाजार सगळं पालथं घातलं. शेवटी नदीकाठी जाऊन पाण्याकडं बघत उभी राहिले.

मग मला जे येतं तेच मी केलं. मोबाईलमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी हरवल्याचा जुना मेसेज होता. त्यातला फोटो बदलला, शर्टाचा रंग बदलला, खाली माझा नंबर टाकला. मधलं एक वाक्य तसंच ठेवलं: 'मानसिक संतुलन बिघडल्याने घरातून निघून गेले आहेत.' घाईत राहून गेलं, असं मी आधी सगळ्यांना सांगत होते. साफ खोटं. माझं बोट त्या वाक्यावर थांबलं होतं. ते काढलं तर लोक म्हणणार, म्हातारा बसला असेल कुठंतरी गप्पा मारत. ते असलं की लोक हलतात, हे मला असले मेसेज पाठवून पाठवून पक्कं कळलं होतं.

आणि लोक हलले. दुसऱ्या दिवशी रसायनीजवळच्या मोहोपाड्याहून एका चहावाल्याचा फोन आला. अण्णा आपल्या जुन्या कंपनीच्या गेटासमोर पहिल्या पाळीची वाट बघत बसले होते. दवाखान्यात कळलं, अंगातलं सोडियम उतरलं होतं. पाच दिवस सलाइन लागलं आणि अण्णा पहिल्यासारखे झाले. डॉक्टर हसून म्हणाले, यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा बरं आहे. मेसेज नसता तर अण्णा सापडले नसते, हे मी कधी नाकारणार नाही. त्या चहावाल्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

पण अण्णा घरी आले, मेसेज काही घरी येईना. 'सापडले, तब्येत ठणठणीत' असं मी लगेच टाकलं होतं. त्यावर अंगठे आले, जोडलेले हात आले, फुलं आली. पुढं मात्र कुणी पाठवलं नाही. जुना मेसेज खोपोली करून, साजगाव करून महिन्याभरानं माझ्याच मावसबहिणीकडून मला परत आला. वर तिचा प्रश्न: "अगं, परत गेले का?"

एकदा अण्णा चष्म्याची दांडी बसवायला नेरळच्या बाजारात गेले, तर एका रिक्षावाल्यानं त्यांना ओळखलं आणि हाताला धरून घरी आणून सोडलं. भला माणूस, पैसेही घेईना. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "मी त्याला सांगतोय, मला घर म्हाईत हाय. तो म्हनतो, हो हो काका, बसा." त्याच्याच मोबाईलवर अण्णांनी तो मेसेज वाचला होता.

"तू लिवलंस?"

"हो."

"शर्टाचा रंग बरोबर हाय," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. विहाराच्या मंडळानं त्या वर्षी वाचन गावातल्या एका शिक्षकाकडं दिलं. वाकडं कुणी बोललं नाही, "अण्णांना त्रास नको" एवढंच म्हणाले. अण्णा दोन दिवस मागं बसून ऐकून आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुडघा दुखतोय." या माणसाचा गुडघा जन्मात कधी दुखला नव्हता! इस्त्रीचा सदरा खुंटीवर तसाच लटकत राहिला. मला बघवेना. आधी मंडळाचा संताप आला, मग त्या रिक्षावाल्याचा, आणि मग कळलं की जिच्यावर संतापायचं ती बाई इथंच मशीनपाशी बसली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी नवा मेसेज लिहीत बसले आणि पुसत बसले. एक वाक्य धड जमेना. शेवटी मोबाईल मशीनवर ठेवला आणि संध्याकाळी विहारात गेले. वाचन संपून वंदना झाली तशी उभी राहिले. एरवी बोटानं शेकडो लोकांना सांगणारी मी, समोरच्या चाळीस माणसांपुढं माझी बोबडी वळली.

"अण्णांचं डोकं बिघडलं असं मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "त्यांना आजार झाला होता, तो बरा झाला. लोकांनी धावावं म्हणून मी ते वाक्य मुद्दाम ठेवलं. चूक माझी आहे. त्यांचं वाचन त्यांना परत द्या."

मग पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आगं, आमाला काय तो येडा वाटत व्हता? पन पोटची पोर लिवते म्हंजे खरंच असंल, असं वाटलं."

हे मात्र फार लागलं.

तो शिक्षक पावसाळी हवेनं दमट झालेला ग्रंथ वस्त्रात गुंडाळत होता. म्हणाला, "उद्या अण्णांना घेऊन या ताई. मला वाचता येतं, पण त्यांच्यासारखं थांबता येत नाही."

दुसऱ्या संध्याकाळी अण्णा सदरा घालून माझ्या पुढं चालत गेले. गुडघ्याचं नाव नाही. बसले, चष्मा दोनदा पुसला, वाचायला लागले. आवाज आधी कापरा होता, मग लागला. म्हाताऱ्या बायका माना डोलवायला लागल्या. दुसरं पान संपलं आणि अण्णा थांबले. थांबले ते थांबलेच. मान खाली, बोटं ग्रंथावर, तोंडातून शब्द नाही. चाळीस माणसांचे डोळे त्यांच्यावरून हळूच माझ्यावर आले. मी उठायला जमिनीवर हात टेकला.

अण्णांनी मान वर केली आणि सगळ्यांतून नेमकं माझ्याकडं पाहिलं.

"हरवलो नाय गं," म्हणाले. "पान चिकटलंय."