व्हेनिससाठी मिळालेली शाल

बाबांचा सत्कार व्हेनिस पाहण्याआधीच झाला. पुण्यातल्या त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ती पद्धतच. परदेशी निघालेल्या सभासदाला शाल, नारळ आणि भाषण आधीच द्यायचं. परतल्यावर त्याने व्याख्यान द्यायचं. फेब्रुवारी २०२०मध्ये आई-बाबा माझ्याकडे आयर्लंडमध्ये, कॉर्कला आले, तेव्हा शाल बॅगेत सगळ्यात वर होती.

मार्चअखेरची व्हेनिसची तिकिटं काढली होती. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. इतके कालवे खोदले, पण मुद्दाम जाऊन पाहावा असा त्यातला एकही नाही, असं ते म्हणत. असा एक तरी पाहायचा, एवढीच त्यांची हौस.

मार्चमध्ये विमानं बंद झाली. मे महिन्यात घरापासून पाच किलोमीटर फिरायची मुभा मिळाली, तेव्हा मी त्यांना साउथ मॉलवर नेलं. हा रस्ता पूर्वी कालवा होता. जुन्या घरांचे दरवाजे अजून पायऱ्यांवर, उंचावर आहेत. खाली होड्या लागत.

"हेसुद्धा एके काळचं व्हेनिसच," मी म्हणालो.

"आमच्या खात्याचेही बरेच बुजले. आम्हाला नाही कोणी व्हेनिस म्हणालं."

पाऊस होता. माझं हिरवं जॅकेट घालून, त्याची टोपी डोक्यावर ओढून त्यांनी जवळच्या नदीवरच्या पुलावर एक फोटो मात्र काढून घेतला.

जुलैत ते खास विमानाने परतले. संघाने ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं, की मी व्हेनिस पाहिलेलं नाही, बुजवलेले कालवे पाहिले, आणि त्यांच्यावरच ते बोलले. अध्यक्षांनी व्हेनिसचं बहारदार दर्शन घडवल्याबद्दल आभार मानले. बाबा शाल परत करायला गेले, तर अध्यक्ष घेईनात. बाबा मला फोनवर म्हणाले, "आता जावंच लागेल रे. पुढच्या वर्षी बघ."

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. इस्पितळात, एकटेच. मी कॉर्कमध्ये पडद्यासमोर.

शोकसभाही ऑनलाइनच. अध्यक्ष म्हणाले, "व्हेनिस डोळे भरून पाहिलेला आपला रसिक मित्र." पडद्यावर पुलावरचाच फोटो, पण पूल कापलेला. मागे निळं पाणी, गोंडोला, लख्ख ऊन. मी माइक चालू करणार, तेवढ्यात आईचा फोन आला. ती पुण्यात तेच बघत होती.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. आणि मग, "एवढं ऊन दाखवलंय, तर ह्यांच्या डोक्यावरची टोपी तरी काढायची होती."