मंगलबाईचं तिकीट

"हिला काढून बघ."

साहेब चिनूला म्हणाले. चिनूनं ताईंच्या मोबाइलवर बोट दाबलं. पाचाचे चार झाले. तिकिटाचा भाव खाली आला.

"आता टाक."

चिनूनं मला टाकलं. भाव वर गेला. एकट्या माझा नाही, सगळ्यांचा.

"बघ, हिच्यामुळे आपलंही वाढतंय," ताई म्हणाल्या. "स्वस्तातल्या चारच सीटा उरल्या असतील."

मी टरबुजाच्या फोडींचं ताट घेऊन उभी. अमरावतीतलं घर. कूलर घुमत होता. सोफ्यावर ताई, साहेब, साहेबांची आई म्हणजे आजी, आणि दहा वर्षांची चिनू. सुट्ट्यांत दार्जिलिंगला जायचं ठरलं होतं, नागपूरहून विमानानं. आजींना धरून चालवायला, आंघोळ घालायला कोणीतरी पाहिजे. म्हणून पाचवी मी.

चिनूला खेळच सापडला. "मंगलमावशी प्लस. मंगलमावशी मायनस. प्लस. मायनस."

"सातवीच शिकलीये ना ही?" साहेब म्हणाले. "मग लहान मुलांत टाक. हाफ तिकीट!"

सगळे हसले. मीही हसले. हसून वर म्हणाले, "माफ करा ताई. माह्यापाई तुमाले खर्च."

कोणी म्हणायला लावलं नव्हतं. आतूनच आलं. मला खरंच वाटलं, मीच महाग आहे.

माझं गाव बाळापूरच्या पलीकडं. अकोल्याला उतरायचं, मग दुसरी गाडी. माय गेली तेव्हा मी सातवीत होते. बहीण लहान. शाळा सुटली ती सुटलीच. बहिणीला मी वाढवलं, न्हाऊ घातलं, तिच्या वेण्या घातल्या. ती हाताशी आल्यावर इथं कामाला आले.

पहिल्या दिवशी आजींनी जात विचारली. मी सांगितली. मागच्या खिडकीत माझा कप वेगळा ठेवला गेला. मग नाव विचारलं. माझं आणि ताईंचं नाव एकच निघालं. "हाक मारली की दोघी धावतील," साहेब म्हणाले. तेव्हापासून मी मंगल. आडनाव कोणी विचारलंच नाही. जात कळली होती, पुरे होतं.

पण माणसं वाईट होती म्हणू कशी? बापाला अॅटॅक आला तेव्हा ताईंनी फोन फिरवले म्हणून दवाखान्यात खाट मिळाली. बाप उठून घरी आला. त्या दिवसापासून मी ताईंपुढे मान वर केली नाही. कपाचं वाईट वाटलं तरी मी मलाच रागवायची. बाप जिवंत आहे ना? मग?

तर चिनू तारखा मागेपुढे करत बसली. एका तारखेला थांबली. पाच जण टाकूनही भाव खाली. "निघालं!" ताईंनी टाळी वाजवली.

ती तारीख माझ्या बहिणीच्या लग्नाची होती. मी होळीलाच सुट्टी मागून ठेवली होती. ताई हो म्हणाल्या होत्या.

"ताई, त्या दिवशी बहिणीचं लगन हाये."

"बहिणीचंच ना? तुझं तर नाही," ताई मोबाइलवरून नजर न काढता म्हणाल्या. "आणि हे तिकीट परत होत नाही गं."

झालं. मी ताट उचललं.

रविवारी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "काहून वं? मायच्या जागी तूच ना? तू नाही आली त मी कोनाच्या गळ्यात पडू?"

मी म्हणाले, "त्यायचे लई उपकार हायेत आपल्यावर." आणि फोन ठेवला. लाज वाटली. ताईंना नाही म्हणावं तर उपकार आडवे. बहिणीला नाही म्हटलं तर माय डोळ्यांसमोर. कुठूनही बघा, अपराधी मीच.

निघायला आठवडा उरला. ताईंनी सगळ्यांची आधार कार्डं मागितली. माझं हातात घेतलं आणि थबकल्या.

"हे काय? तुझं नाव मंगल नाहीये?"

तिकिटावर नाव होतं मंगल. आडनावाच्या जागी बाई. मंगल बाई.

साहेबांनी विमान कंपनीला फोन लावला. तिकडून सांगितलं, असं अख्खं नाव बदलता येत नाही, नवीन तिकीट काढा. साहेबांचा आवाज चढला. "इतकी वर्षं झाली, तुला सांगता येत नाही का?"

"मूर्खासारखी उभी काय राहतेस?" ताई म्हणाल्या. "नवीन काढते आता. आडनाव सांग."

मी ओठ उघडले ते माफी मागायलाच. माफ करा ताई, इथवर जिभेवर आलं. आणि अडकलं. माझं नाव ह्यांनीच काढून घेतलं होतं. ते ह्यांच्या ध्यानातही नव्हतं. आणि माफी मी मागत होते.

मी नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग म्हणाले, "पन तिकीट नका काढू. मी येत नाही. बहिणीचं लगन हाये."

"आणि तुझ्या बाबांच्या वेळी आम्ही असंच म्हटलं असतं तर?"

म्हटलं असतं तर बाप गेला असता. मी ताईंच्या हातातलं आधार कार्ड परत घेतलं.

"उपकार हाये ताई. पन मी येत नाही."

कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "मंगल, मले कोन धरीन वं आता?"

तो आवाज सगळ्यांत जास्त लागला. त्यांची पाठ मी इतकी वर्षं चोळली होती. तरी मी पिशवी भरली. अकोल्याची गाडी धरली.

लग्नात भंतेजींनी मुलीच्या आईला बोलावलं तेव्हा मी पुढे झाले. बहीण पांढऱ्या साडीत. मी वंदना म्हणत होते. आणि त्या घडीलाही डोक्यात तेच, आजींना आंघोळ कोण घालत असेल? इतकं खोल रुतलंय हे.

जाईल असं वाटत नाही. राहू दे. बापाला खाट मिळवून दिली, त्याचे आभार मी मरेपर्यंत मानीन. तोंडावर मानीन. पण त्या बदल्यात माझे दिवस मागाल तर मिळणार नाहीत. अपराधी वाटत असतानाच नाही म्हणेन.