दूध सोडलेले माझे दीर

पंगत उठली आणि माझे धाकटे दीर बसूनच राहिले. सास्तूरच्या मठातलं जेवण होतं. वाढप्याला म्हणाले, "अजून भात येऊ दे." तो संपला, पुन्हा मागितला. चौथ्यांदा मागितला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडं गेलं. जमिनीला रेटा देऊन बोटं पांढरी पडली होती. जवळ गेले तर हळूच म्हणाले, "वहिनी, उठता येईना. भात मागून येळ काढायलो." मी आणि माझ्या मालकांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. बायका म्हणाल्या, "लई जेवले."

एवढा हट्टी माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात दुसरा नसेल. मांस-अंडं आमच्या घरात कधी शिजलंच नाही. दिरांनी वर दूधही सोडलं. म्हशीचं रेडकू मेलं, तेव्हा त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं ठेवलं होतं. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. हे त्यांनी एकदा पाहिलं. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप बंद. पाहुण्यांकडं पुरणपोळी आधी हुंगायचे. सत्यनारायणाचा शिरा कपाळाला लावून माझ्या हातावर ठेवायचे. चार वर्षं दोघांचा प्रसाद खाऊन मी फुगले आणि ते वाळले.

लोक म्हणाले, अंगावरून वारं गेलं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व संपलं होतं. ते भाजी-भाकरीत नसतं, आमच्यासारख्यांना दुधातूनच मिळतं, आणि त्याच्यावाचून नसाही जातात, ताकदही जाते. बाई म्हणाल्या, "आता सुया घ्याव्याच लागतील. उशीर केलात तर पाय कायमचे जातील."

दिरांनी विचारलं, "सुईतलं औषध कशापासून करत्यात?"

"जंतूंपासून."

"त्यांची पिल्लं उपाशी राहत न्हाईत ना?"

बाई हसल्या नाहीत. "नाही राहत," म्हणाल्या. तेव्हा कुठं दिरांनी दंड पुढं केला.

घरी आल्यावर मी बोललेच. "भावजी, म्हशीची दया येती, माझी येत न्हाय? तुम्हाला उचलून कंबर गेली माझी."

"मग उचलू नका."

रोज सकाळी भुईवर बसायचे आणि भिंत न धरता उठू बघायचे. पडायचे. हात पुढं केला की म्हणायचे, "लांब व्हा, वहिनी." मी पाठ करून भाकरी थापायची आणि पडल्याचा आवाज ऐकायची. असे तीन महिने गेले. एका सकाळी आवाज आला नाही. वळले तर उभे होते, घामानं भिजलेले.

म्हणाले, "काय बघायलात? तव्यावरची करपली."

डाव्या पायात अजून मुंग्या येतात. सुया संपल्या, आता त्याचीच गोळी चालू आहे, दूध नाही. माझे मालक मागल्या साली गेले. घरात आता मी आणि भावजी, दोघंच आहोत.