खळवाल्या बाई

त्यांच्या बोटांना कायम खळ लागलेली असायची. मैद्याची, घरून शिजवून डब्यात आणलेली. त्यांनी तपासलेल्या वह्यांच्या कोपऱ्यांवर तिचे वाळके ठसे असत, चष्म्याच्या काडीवर असत, एकदा तर कपाळावरच्या टिकलीशेजारीही दिसले होते. बाजारातला गोंद त्यांना चालत नसे. “त्याचा वास घेऊन पाह्य,” त्या म्हणायच्या, “पोरं बोटं तोंडात घालतात ना वं.” मुलांनी त्यांचं नाव खळवाल्या बाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी त्या शाळेत लागले तेव्हा शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी व्हायची होती. शाळा कळमन्याच्या धान्यबाजाराजवळ, बाई राहायला प्रताप नगरला. अख्खं शहर ओलांडून त्या स्कूटीवर येत. मागच्या सीटला दोरीनं बांधलेली बोचकी असत. त्यात चिंध्या, करवंट्या, सायकलची जुनी ट्यूब, काहीही निघे. मला तिसरीच्या वर्गावर त्यांच्या हाताखाली दिलं होतं. मी डी.एड.ला शिकलेले तक्ते घेऊन गेले. बाईंनी ते कौतुकानं पाहिले आणि म्हणाल्या, “छान आहेत. पण पोराच्या हातात काय देशील?”

कुठलीही गोष्ट हातात घेतल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही, असा त्यांच्या वर्गाचा कायदा होता. किलो म्हणजे काय, हे सांगण्याआधी एक किलो तांदूळ वर्गभर फिरत. वर्षातून एक आठवडा तर त्या पुस्तकं कपाटात ठेवून कुलूपच घालत. त्या वर्षी तो आठवडा संक्रांतीनंतर आला. सोमवारी मुलांनी दोरीनं व्हरांडा मोजला आणि तीन गटांतल्या एकाचं उत्तर वेगळं आलं. मी खरं उत्तर सांगणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “भांडू दे त्यायले.” मुलं अर्धा तास भांडली. शेवटी त्या गटाची दोरी ओली होऊन आखडली होती, हे त्यांनीच शोधून काढलं.

त्या वर्गात आम्रपाली नावाची मुलगी होती. खिडकीजवळ बसायची. विचारलं तर मान हलवायची, वाचायला सांगितलं तर पुस्तकात बघत उभी राहायची. जूनपासून मी तिचं एक पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं. तिच्या नावापुढे मी ‘प्रगती नाही’ असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

गुरुवारी गोणपाटाची बसकरं शिवायची होती. बाईंनी दाभण घेतला, सुतळी घेतली, आणि ओवता येईना. पहिल्यांदा मला वाटलं, चष्मा नाही म्हणून. पण चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांचा उजवा हात थरथरत होता, थांबवल्यानं थांबत नव्हता. सगळा वर्ग बघत होता. काही महिन्यांपासून फळ्यावर त्या मुलांनाच लिहायला लावत, ते का, हे मला त्या क्षणी कळलं. मी त्याला त्यांचा आळस समजत होते.

मी उठायच्या आत आम्रपाली उठली. तिनं बाईंच्या हातातून दाभण घेतला.

“असं नाई, बाई. सुतळीले आधी पीळ द्या लागते.”

तिनं सुतळीचं टोक मांडीवर वळलं, ओलं केलं आणि एका फटक्यात ओवलं.

“कोणी शिकवलं वं तुले?” बाईंनी विचारलं.

“मायनं. कळमन्यात पोते शिवते ते. मीबी जातो सुटीच्या दिवशी.”

“मंग आज तूच शिकव आमाले,” म्हणत बाई मुलांच्या रांगेत खाली बसल्या.

नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख दारात आले. गणिताचा तास होता. फळा कोरा, जमिनीवर पोती, आणि खुर्चीजवळ एक आठ वर्षांची मुलगी दाभण घेऊन उभी. अजून नोकरीत कायम व्हायची होते मी.

“वर्गशिक्षक कोण आहेत?” त्यांनी विचारलं.

“मीच आहो, सर,” बाई बसूनच म्हणाल्या. “पण सध्या शिकून राहिली.”

साहेबांनी आम्रपालीला विचारलं, “यात गणित कुठं आहे, बेटा?” मला वाटलं, संपलं, आता ती मान हलवणार. तिनं गोणपाटाच्या काठावर चार बोटं आडवी ठेवली. “चार बोटांवर एक टाका. अशा नऊ जागा. दोन्हीकून अठरा.” जाताना साहेब शेरेबुकात लिहून गेले, ‘पाठ्यपुस्तकाचा वापर दिसून आला नाही.’ बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. “खरंच लिहिलं वं त्यानं. नोहता दिसला.”

शाळा सुटल्यावर मी हाताचं विचारलं. कंपवात, डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. “मुलांले समजू द्यायचं नोहतं,” त्या म्हणाल्या. मग बोचकं उचलत, “पण आता लपवून काय करू?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गापुढे हात धरला आणि तो तसाच हलू दिला. “दुखते का, बाई?” कोणीतरी विचारलं. “दुखत नाई. फक्त ऐकत नाई. तुमच्यासारखा.” मुलं हसली, बाईही हसल्या. माझ्याच्यानं हसवेना. मी वहीत आम्रपालीच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलेलं खोडून टाकलं.

शनिवारी मुलांचं काम बघायला पालक आले. आम्रपालीची आई कामावरून तशीच आली होती, दारातच उभी राहिली. तुमच्या मुलीनं वर्ग घेतला, असं सांगितलं तर तिला खरं वाटेना. सुतळीनं चिरलेली बोटं तिनं पदरात गुंडाळली होती. बाईंनी पदर बाजूला करून तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. “ह्या हातांनी शिकवलं, म्हणून आमाले शिकता आलं.” आई रडायलाच लागली. आम्रपाली मात्र बसकरांचे टाके तपासत फिरत होती, आणि ढिले दिसले की उसवून देत होती.

एप्रिलअखेर बाई निवृत्त झाल्या.

दिवाळीच्या सुटीत मी प्रताप नगरला गेले. हाताचा कंप बराच वाढला होता, आता डावाही हलत होता. गप्पा मारता मारता त्या चहा करायला उठल्या. मी लगबगीनं उठले, तर म्हणाल्या, “बस वं. माह्या घरी आली ना तू?”

मी बसले. आतून कपबशीचा किणकिणाट येत राहिला. कितीतरी वेळ लागला. मग त्या दाराशी दिसल्या, कप दोन्ही हातांत धरून, एकेक पाऊल टाकत. अर्धा चहा बशीत होता, थोडा साडीवर. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि धाप लागल्यासारख्या समोर टेकल्या.

“साखर झाली का वं बरोबर?”

“झाली, बाई,” मी म्हटलं आणि आधी बशीतला चहा प्यायले.