आमच्या मशीनवर माणूस राहत नव्हता

संशय घेण्याचाच पगार मिळत असेल, तर त्या ऑफिसात किस्से साठणारच. आमचं नेरूळचं ऑफिस तसलं आहे. ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे एक्स्टेन्शन, ऑनलाइन स्टोअरमध्ये मांडण्याआधी आम्ही तपासतो. लबाड निघालं की बाहेर!

आमच्या प्रमुख मुकरी मॅडम, मूळच्या उरणकडच्या. त्यांचा नियम एकच: एक्स्टेन्शन काम काय करतं आणि परवानगी कशाची मागतं, एवढं बघा. पहिल्याच आठवड्यात मी एक कॅल्क्युलेटर पास केला. त्याला सगळ्या वेबसाइट वाचायची परवानगी हवी होती. मॅडमनी शांतपणे विचारलं, "बेरीज करायला त्याला तुझं मेल कशाला वाचायचंय?"

अजून कॅल्क्युलेटर दिसला की मी चपापतो.

* * *

काही एक्स्टेन्शन सुरुवातीला साळसूद बसतात आणि काही दिवस उलटले की रंग दाखवतात. म्हणून चाचणीच्या मशीनची तारीख आम्ही तीन आठवडे पुढे ढकलून ठेवतो. माझा सहकारी, जासईचा घरत, दिवसभर त्याच मशीनसमोर. एकदा तो नवा कुर्ता घालून ऑफिसातूनच उलव्याला मावसभावाच्या हळदीला गेला. ना मंडप, ना पाहुणे. मावशी कुकर लावत होती. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि तीन आठवड्यांनी परत यायला सांगितलं.

तेव्हापासून घरत तारखेचं घड्याळ घालतो.

* * *

मग आलं फुलांचं एक्स्टेन्शन. नवं पान उघडलं की एक फूल दिसणार, बस. परवानगी मात्र सगळं वाचायची! ऑटोमॅटिक तपासणीत पास, तारीख ढकलूनही पास. मॅडम काही हटेनात. वरच्या साहेबांचे रोज फोन. शेवटी त्यांनी स्पष्टच सांगितलं, शुक्रवारपर्यंत पुरावा द्या किंवा पास करा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं कोणी बघावं लागेल. मला भयंकर राग आला. मॅडम डबा उघडत म्हणाल्या, "शुक्रवार अजून लांब आहे."

* * *

गुरुवारी घरतचीच ट्यूब पेटली. "मॅडम, आपले मशीनवर मानूस राहतोय कुठं? हिस्ट्री कोरी हाय. त्याला कळतंय, हे तपासनीवाले हायत."

लगेच हुकूम सुटला: बाकीची कामं बाजूला ठेवा आणि मशीनवर राहायला लागा. घरतनं हळदीसाठी बँजोवाले शोधले. मी उलव्यात वन बीएचके शोधला, आधी चाचणीसाठी, नंतर मनापासून. शेवटी मॅडम बसल्या. त्या बराच वेळ टाइप करत होत्या.

शुक्रवारी सकाळी चोरी पकडली गेली. मशीनवर जे जे शोधलं, ते सगळं एक्स्टेन्शन गुपचूप बाहेर पाठवत होतं. साहेब स्वतः खाली आले. चोरलेल्या गोष्टींची यादी स्क्रीनवर होती, ती मोठ्यानं वाचू लागले. हळदीचे बँजोवाले. उलवे वन बीएचके. मग थांबले. पुढच्या सातही ओळी एकाच गोष्टीच्या होत्या: नवी मुंबईत नोकरी, अनुभव अठरा वर्षं.

घरत घाईघाईनं म्हणाला, "टेस्टिंग हाय सर, सगळं टेस्टिंग."

"वरच्या दोन ओळी टेस्टिंग," मुकरी मॅडम म्हणाल्या. "या सात ओळी माझ्या आहेत."