डबीशिवाय काढलेला फोटो

गडचिरोली मागे पडली आणि धानोऱ्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मोहफुलांचा गोड, जड वास येऊ लागला. पुण्याहून मी प्रज्ञा या तिरंदाज मुलीचे फोटो काढायला निघालो होतो. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी तिची भारतीय संघात निवड झाली होती. संघाची प्रायोजक होती एक पानमसाला कंपनी; मला तिनेच पाठवले होते. तंबाखूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाच्या वेलचीची करायची. प्रत्येक खेळाडूने आपल्या घरासमोर वेलचीची डबी धरून हसायचे होते.

वाटेत गाडीचे चाक पंक्चर झाले. ते बदलेपर्यंत टपरीवाल्याने खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) पन्नीत बांधून पुढे केला.

"घ्या न भाऊ. इथी सारेच खातेत."

मी नको म्हटल्यावर त्याने तो स्वतःच्याच तोंडात टाकला.

प्रज्ञाच्या घरामागे धानाची बांधी (भाताचे खाचर) होती. तिच्या आईने आधी जेवायला बसवले. माझ्या ताटात भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. शेजारी बसलेल्या सुखदेवभाऊंना, प्रज्ञाच्या वडिलांना, फक्त वाटीभर पेज. तीही ते ओठांच्या फटीतून ओढून घेत होते.

"खर्र्यानं तोंड उघडत नाई त्याईचं," आई म्हणाली. "तरी सोडत नाईत."

जेवणानंतर अंगणात मी प्रज्ञाच्या हातात डबी दिली. तिने नाव वाचले आणि ती परत केली.

"फोटो काढा भाऊ. पण हे मी धरत नाई."

मी कंपनीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो स्पष्टच बोलला: डबी नाही तर जाहिरात नाही, आणि जाहिरातीतल्या खेळाडूंना मिळणारे नवे धनुष्यही नाही. प्रज्ञा सराव केंद्राचे जुने धनुष्य वापरत होती. तिने फोन मागून घेतला.

"कंपनीच्या नावाचा टी-शर्ट साऱ्या टीमचा हाये, तो घालीन सर. डबी नाई. गावातले पोरं माह्याकडं पाहून खातीन."

तिने फोन मला परत दिला. गडचिरोलीच्या चौकात लेकीचा मोठा फोटो लागणार, हे सुखदेवभाऊंनी गावभर सांगितले होते. ते उठून आत गेले. मला वाटले, रागावले. पण ते धुतलेला सदरा घालून बाहेर आले, खिशातली खर्र्याची पन्नी काढून त्यांनी बायकोच्या हातात ठेवली.

"चुलीत टाक," दातांतूनच ते म्हणाले. मग लेकीशेजारी बसले. "आता दोघायचा काढा भाऊ."

तो एकच फोटो घेऊन मी परतलो. कंपनीने अर्थातच तो घेतला नाही. मी मोठी प्रत काढून धानोऱ्याला पाठवली.

स्पर्धा मी पुण्यात टीव्हीवर पाहिली. मैदानाभोवती कंपनीचे फलक होते, प्रज्ञाच्या छातीवरही तेच नाव होते. एका मुलीने नाही म्हटल्याने एवढा बाजार उठत नाही, हे मला कळते. तिला पदक मिळाले नाही, पण जुन्या धनुष्यावर ती उपांत्य फेरीपर्यंत गेली.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. मी खेळाबद्दल बोलू लागलो, तर तिला आधी दुसरेच सांगायचे होते.

"तिचे बाबा डॉक्टरनं सांगतली तशी तोंड उघडायची कसरत रोज करून राह्यले, भाऊ. आज पेज नाई मागतली. मऊ भात खाल्ला, हातानं घास घेऊन."