मागच्या खोलीची लाइन

तिसऱ्यांदा त्या घरी गेले तेव्हा फेजमामांनी हत्यारांची पिशवी उंबऱ्याशी टेकवली आणि दोन मिनिटं नुसते उभे राहिले. एकसष्ट वर्षांचं वय, त्यातली चाळीस वर्षं वायरमनकीत गेलेली. गुडघ्यांनी तर कधीच हात टेकले होते. कुठेही कामाला गेले की पहिला प्रश्न ‘फेज कुठाय?’ (म्हणजे करंटची तार कुठली), म्हणून सगळे त्यांना फेजमामा म्हणत. येत्या वर्षी काम थांबवायचं, असं ते बायकोला गेली तीन वर्षं सांगत होते.

घर शिलाईवाल्या बाईंचं. परसात पत्र्याच्या एका खोलीत त्यांची तीन मशीनं होती आणि हाताखाली दोन बायका. त्या खोलीला वीज जायची ती घरातल्या बोर्डावरच्या सेफ्टी स्विचमधून, आणि तो स्विच महिनाभर रोज खाली पडत होता. वर केला की कधी लगेच पडे, कधी दुपारपर्यंत टिके. मशीनं मध्येच गप्प व्हायची, अर्धी शिवण तशीच राहायची.

पहिल्या खेपेला मामांनी इस्त्रीवर ठपका ठेवला. इस्त्री जुनी होती, बाईंनी नवी आणली, स्विच पडतच राहिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्विचच बदलला. तोही पडला. मशीनं, दिवे, पंखा, सगळं त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, एक सोडून. घरापासून खोलीपर्यंत जमिनीखालून गेलेली लाइन अठरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः टाकली होती. बाईंनी विचारलंही होतं, पण मामा म्हणाले होते, लाइन माझ्या हातची आहे, तिला काही होणार नाही.

बाईंचे दीर अधूनमधून डोकवायचे. त्यांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, स्विच काढून तार थेट जोडून द्या. मामांनी मान हलवली. स्विच पडतो म्हणजे कुठेतरी करंट भलतीकडे झिरपतोय. स्विच काढला तर झिरपणं थांबत नाही, फक्त कळायचं बंद होतं, आणि मग एक दिवस मशीनच्या लोखंडाला कुणाचा तरी हात लागतो. हे सांगतानाही त्यांचा आवाज थकलेला होता. दीर खांदे उडवून निघून गेले.

त्या दिवशी मामांनी खोलीतलं झाडून सगळं बंद केलं. मशीनांच्या पिना सॉकेटमधून काढल्या, दिव्यांच्या तारा सोडवल्या. मग बोर्डासमोर स्टूल ओढून स्विच वर केला आणि बसून राहिले. आता त्यावर भार म्हणून काही नव्हतंच, नुसती लाइन. साडेनऊ झाले, दहा झाले. त्यांना डुलकी लागली.

सव्वादहाला बाईंच्या सासूबाई परसात धुणं धुवायला बसल्या. दोन बादल्या पाणी मोरीत ओतलं आणि काही वेळातच खट्‌कन स्विच पडला. मामा दचकून जागे झाले.

“आजी, रोज याच वेळी धुता का?” त्यांनी विचारलं.

“पाणी येतं तेव्हा धुते. माझ्या धुण्याचा न् तुमच्या विजेचा काय संबंध?”

मामांनी स्टूल बाजूला सारलं. घराचा मेन स्विच बंद केला, कुदळ मागितली आणि मोरीला लागून खणायला सुरुवात केली. मोरीचा पाइप तडकला होता आणि सगळं पाणी तिथेच मुरत होतं. हातभर खोल गेल्यावर चिखलात लाइनचा पाइप लागला. तो मधोमध निखळला होता, आणि आत तारेला जोड होता. जोडावरची टेप भिजून सुटत आली होती. टेपच्या टोकाला लाल दोऱ्याची दुहेरी गाठ होती.

टेप सुटू नये म्हणून लाल दोरा बांधायची सवय त्या भागात एकाच वायरमनला होती. मामा खड्ड्याच्या कडेला बसले. हळूहळू आठवलं: तार हातभर कमी पडली होती, दुकान बंद होतं, संध्याकाळ व्हायला आली होती. जमिनीखाली जोड द्यायचा नसतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. एवढंसं काय होतंय, म्हणून माती ओढली आणि विसरून गेले.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “कुणी केलं असेल हो हे?”

मधल्या वर्षांत या घरात आणखी कुणी वायरमन आले असतीलच. कुणाच्याही नावावर खपलं असतं.

“मीच केलंय,” मामा म्हणाले. “महिनाभर तुमच्या मशीनांना नावं ठेवली, न् चूक माझी होती.”

बाईंनी वाकून तो लाल दोरा पाहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. मग त्या म्हणाल्या, “मग आता नीट करून द्या,” आणि आत गेल्या.

मामांनी जुनी लाइन कायमची तोडली. नवी तार सलग, एकही जोड न देता, भिंतीवरून उंच नेली. दर चार फुटांनी शिडी सरकवायची, चढायचं, खिळा ठोकायचा, उतरायचं. दुपार सरली. शेवटी खोलीतलं सगळं चालू करून त्यांनी सासूबाईंना मुद्दाम बादलीभर पाणी ओतायला लावलं. स्विच जागचा हलला नाही. तिन्ही मशीनं एकदम सुरू झाली, आणि त्या आवाजात मामा कुणाचा निरोप न घेताच निघाले.

घरी बायकोने कंबरेला मलम चोळून दिलं. ते म्हणाले, “त्या वर्षी घाईघाईत बरीच कामं केली गं. असे जोड आणखी कुठे कुठे पुरलेत, आठवत बसलोय.”

“आठवले?”

“पाच घरं तरी आठवली.”

ती हातातली डबी बंद करत म्हणाली, “म्हणजे येत्या वर्षीही थांबणं नाहीच.”

दोन दिवसांनी ते त्या पाचांतल्या पहिल्या घरी गेले. तिथे आता दुसरीच माणसं राहत होती. न बोलावता आलेला म्हातारा, आपणच केलेलं जुनं काम तपासू द्या म्हणतोय, हे त्या घरातल्या तरुण सुनेला काही पटेना. नवऱ्याला फोन करून विचारते, म्हणाली, आणि तिने दार लोटून घेतलं. मामा पायरीवर बसले आणि गुडघे चोळत वाट पाहू लागले.